जुनी इंग्रजी क्रियापदे

* हॅथ, डथ : १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये ही रूपे पदोपदी भेटतात. आजची 'हॅज' आणि 'डझ' ती हीच. 'थ' हा प्रत्यय दक्षिण आणि मध्य इंग्लंडचा. 'स' उत्तरेकडून आला आणि लंडनच्या बोलण्यात रुळला. शेक्सपिअरने दोन्ही वापरले.

छापील रूपावरून तेव्हाचा उच्चार मात्र ठरवू नये. लोक 'मेकेथ' लिहितात पण 'मेक्स' म्हणतात, अशी नोंद रिचर्ड हॉजेस या शिक्षकाने १६४३ मध्येच केली होती. जुना मजकूर मोठ्याने वाचणाऱ्याने ही नोंद जरूर ध्यानात ठेवावी.

भूतकाळाची रूपे त्याहून रंजक. 'हेल्प'चे 'होल्प' होई, 'स्पीक'चे 'स्पेक'. 'होल्प'च्या जागी नियमित 'हेल्प्ड' आले. 'स्पेक'चे 'स्पोक' झाले, कारण 'स्पोकन'मधला 'ओ' भूतकाळातही शिरला. 'सिंग'चे 'सँग' मात्र तसेच टिकले.

'शो' हे क्रियापद एस-एच-ई-डब्ल्यू असे लिहिलेले दिसले, तर ती छपाईची चूक समजू नये. उच्चार 'शो'च. बर्नार्ड शॉ विसाव्या शतकातही आग्रहाने असेच लिहीत.