नाव पुसलेला ट्रान्सफॉर्मर

पुण्याच्या मंगळवार पेठेत, शाहीर अमर शेख चौकाजवळ भरणारा बुधवार-रविवारचा जुना बाजार पुणेकरांना नवा नाही. ताडपत्रीवर पाने, पक्कड, नळाच्या तोट्या, बंद घड्याळे मांडलेली असतात आणि त्यांच्यात हमखास एखादा काळपट, जड ठोकळा असतो. लोखंडी पत्र्यांची चवड, मधे तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि बाहेर लोंबणाऱ्या रंग उडालेल्या तारा. कंपनीचे नाव नाही, व्होल्टेज लिहिलेले नाही. विकणारा त्याचा भाव वजनावर सांगतो.

काही वर्षांपूर्वी असाच एक ठोकळा मी शाळेसाठी घेतला. मी भाषेचा शिक्षक, पण दहावीच्या मुलांना ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन बघू दे, एवढाच हेतू होता. त्याला आठ तारा होत्या. त्यातल्या एका बाजूच्या तीन तारा मला 'इनपुट'च्या वाटल्या. त्यातली पहिली आणि मधली तार मी बोर्डाला जोडली आणि बटण दाबले. ठोकळा भुंग्यासारखा गुरगुरला, मिनिटभरात जळक्या वार्निशचा वास आला. मी धावत जाऊन बटण बंद केले. दुसऱ्या बाजूच्या मोकळ्या तारांपासून एका विद्यार्थ्याचा हात वीतभर अंतरावर होता.

त्या मिनिटात नेमके काय घडत होते, हे मला नंतर कळले. ते सांगितले आमच्या मोहल्ल्यातल्या मोटार-वाइंडिंग करणाऱ्या चाचांनी. ते चार इयत्तांपुढे शिकलेले नाहीत. ठोकळा हातात घेऊन त्यांनी तारांकडे पाहिले आणि म्हणाले, "सर, पहले तार पढो, बाद में बटन दबाओ."

तार वाचायची म्हणजे तिचा इतिहास वाचायचा. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांनी लोखंडाच्या एका कड्यावर तांब्याच्या तारेची दोन वेगवेगळी वेटोळी गुंडाळली. मधे कापड आणि सुतळी घालून ती एकमेकांपासून अलग ठेवली. एका वेटोळ्याला बॅटरी जोडली तेव्हा दुसऱ्याला जोडलेली सुई हलली आणि लगेच थांबली. बॅटरी काढली तेव्हा ती पुन्हा हलली, उलट दिशेने. प्रवाह स्थिर असताना काहीच होत नव्हते, तो बदलला की दुसरीकडे वीज उपजत होती. फॅरडे लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. बांधायला आलेली पुस्तके वाचून तो विज्ञानाकडे वळला. आज एसीचा प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा आवर्तन पूर्ण करतो, म्हणजे सतत बदलत राहतो. म्हणूनच ट्रान्सफॉर्मर एसीवर चालतो आणि डीसीवर नुसता तापतो.

त्या कड्यापासून कामाच्या यंत्रापर्यंत यायला अर्धे शतक गेले. १८८५ साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या झिपर्नोव्स्की, देरी आणि ब्लाथी या तिघा अभियंत्यांनी बंद गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर बनवला. गाभा अखंड लोखंडाचा ठेवला तर त्याच्यातच भोवरे-प्रवाह फिरतात आणि तो तापतो. म्हणून पातळ पत्रे एकमेकांपासून अलग ठेवून रचतात. जुन्या बाजारातल्या ठोकळ्याच्या कडेला दिसणाऱ्या बारीक रेघा म्हणजे हेच पत्रे.

याच यंत्रामुळे पुणे जिल्ह्याचे पाणी मुंबईचा प्रकाश झाले. व्होल्टेज दहापट वाढवले की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह दहावा हिस्सा लागतो आणि तारेत वाया जाणारी उष्णता शंभराव्या हिश्श्यावर येते. १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे केंद्र लोणावळ्याच्या तलावांच्या पाण्यावर सुरू झाले आणि तिथली वीज उच्च दाबाने मुंबईला गेली. मुळशीचे धरण आले तेव्हा १९२१ पासून सेनापती बापट आणि मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, पण जमिनी बुडाल्याच. त्या पाण्यावरचे भिऱ्याचे केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. ट्रान्सफॉर्मर नसता तर वीज पाण्याजवळच वापरावी लागली असती.

आता माझ्या ठोकळ्याच्या त्या तीन तारा. जुने व्हॉल्व्हचे रेडिओ आठवत असतील, तर त्यांच्या पाठीमागची एक छोटी खुंटी आठवा. तिच्याभोवती ११०, १२७, २००, २२०, २४० असे आकडे असत. त्या काळी सगळीकडे एकच दाब नव्हता. देशादेशांत, कधी शहराशहरांत तो वेगळा असे. कोलकात्यासारख्या शहराच्या काही भागांत तर डीसीच होती. तिथे ट्रान्सफॉर्मरचा रेडिओ चालत नसे, वेगळा 'एसी-डीसी' सेट लागे. ट्रान्सफॉर्मरमधून निघणाऱ्या जास्तीच्या तारा म्हणजे त्या काळाची नोंदवही. मी मधली तार निवडली ती ११० व्होल्टची होती आणि तिच्यावर मी २३० व्होल्ट सोडले. लोखंड चुंबकत्वाने तुडुंब भरले, प्रवाह बेसुमार वाढला. पलीकडे रेडिओच्या व्हॉल्व्हसाठी सहाशे व्होल्टची गुंडाळी होती. म्हणजे त्या मुलाच्या हाताजवळच्या तारांमध्ये त्या मिनिटात हजाराच्या आसपास व्होल्ट असणार. ही चूक पूर्ण माझी होती.

चाचांनी शिकवलेली रीत अशी. आधी मल्टिमीटरने कोणती तार कोणाशी जुळते ते पाहून गट पाडायचे. माझ्या ठोकळ्यात तीन गट निघाले : तीन तारा, पुन्हा तीन आणि दोन. मग प्रत्येक गटाचा रोध मोजायचा. जाड तारेचा गट एका ओहमच्याही खाली भरला, म्हणजे कमी व्होल्टेजचा. मेनची गुंडाळी एकतीस ओहम आणि सर्वांत बारीक तारेची तीनशेच्या वर. रंगांवर भरवसा ठेवायचा नाही. जुन्या अमेरिकी सेटमध्ये काळी तार मेनची, लाल उच्च दाबाची, हिरवी हीटरची असा रिवाज होता, पण इथे दुरुस्ती करताना कोणी काय जोडले असेल ते सांगता येत नाही.

मग थेट २३० द्यायचे नाही. ओळखीच्या दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून बारा व्होल्ट एसी घेऊन जास्त रोधाच्या गुंडाळीला द्यायचे, कमी रोधाच्या गुंडाळीला नाही. नाहीतर पलीकडे मोठा दाब उभा राहतो. आम्ही मेनच्या दोन टोकांना बारा व्होल्ट दिले, तेव्हा बारीक गुंडाळीवर साधारण एकतीस व्होल्ट आले आणि जाड तारेवर एक तृतीयांश व्होल्ट. त्रैराशिक मांडले की २३० ला सहाशे आणि सहा-सव्वासहा. त्यानंतरच मेन, तीही साठ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवून. बल्ब लखलखला तर आत तारा चिकटल्या आहेत, मंद राहिला तर जीव आहे. शेवटी गुंडाळी आणि लोखंड यांच्यातले इन्सुलेशन मेगरने तपासायचे आणि तासभर चालू ठेवून हात लावण्याआधी बटण बंद करायचे. कोमट चालेल, चटका चालणार नाही.

शक्ती लोखंडावरून कळते. मधल्या दांड्याची रुंदी अडीच सेंटिमीटर, चवड चार, म्हणजे दहा चौरस सेंटिमीटर. ४५ ला दहाने भागले की एका व्होल्टला साडेचार वेढे. एवढ्या गाभ्याला साठ-सत्तर व्होल्ट-अँपिअर सहज झेपतात. चाचांनी सहाशे व्होल्टची गुंडाळी आणि हीटरची जाड तार उसवली आणि सोळा गेजची तार घेऊन छप्पन्न वेढे दिले. बारा व्होल्ट, पाच अँपिअर. मेनला अर्ध्या अँपिअरचा फ्यूज, लोखंडाला अर्थिंग, वर पत्र्याची पेटी. आज तो शाळेच्या प्रयोगशाळेत आहे आणि मुले न घाबरता त्याच्यावर प्रयोग करतात. सगळेच ट्रान्सफॉर्मर असे वापरू नयेत. मायक्रोवेव्हच्या भट्टीतला तर अनुभवी माणसानेही सांभाळून हाताळावा, त्याच्या दोन हजार व्होल्टमागे जीव घेण्याइतका प्रवाह असतो.

आपल्या मोहल्ल्यांत भंगार, वाइंडिंग, रेडिओ-दुरुस्ती यांच्यावर कित्येक घरे उभी राहिली. तरी वर्गात मुलांना दरडावताना मी स्वतः म्हणालो आहे, "अभ्यास करा, नाहीतर भंगार गोळा कराल." इस्लाममध्ये इस्राफ म्हणजे नासाडी नापसंत आहे, हे आपण वाझमध्ये ऐकतो, पण नासाडी थांबवणाऱ्या माणसाला आपण मागच्या ओळीत बसवतो. आता चार्जरपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे हलक्या एसएमपीएसचे राज्य आहे. लोखंडी ट्रान्सफॉर्मर मागे पडतो आहे आणि त्याच्याबरोबर तार वाचणारा हातही. तो हात कोणत्या पाठ्यपुस्तकात जपून ठेवलेला नाही. मी ते वाक्य वर्गात बोलणे सोडून दिले.

उर्दूत बर्क म्हणजे आकाशातली वीज आणि तारेतल्या विजेलाही नाव तिच्यावरूनच, बर्की. मराठीतही वीज हा एकच शब्द दोन्हींसाठी. खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरला मराठीत रोहित्र म्हणतात. चाचांना हा शब्द मी सांगितला, तो त्यांना आवडला. काम संपवल्यावर त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा दोऱ्याने पेटीला बांधला. त्यावर उर्दू आकड्यांत लिहिले : २३०, १२, ५. म्हणाले, मालातला गुण-दोष लिहून दिला नाही तर पुढच्याची अमानत बुडते. त्याखाली मी तेच आकडे मराठीत लिहिले आणि एक ओळ वाढवली : तपासल्याशिवाय जोडू नये.