बागेच्या नकाशावर शिक्का कुणाचा?

मूर्तिजापुरात नवा ले-आऊट पाडायचा म्हटला, की शेतात चुन्याच्या रेघा ओढण्याआधी नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. त्या नकाशाचा खालचा कोपरा जरा नीट बघावा. तिथे क्षेत्रफळाचा तक्ता असतो, उत्तरेचा बाण असतो, जमीनमालकाची सही असते आणि तिच्या शेजारी वास्तुविशारदाचा किंवा परवानाधारक अभियंत्याचा रबरी शिक्का असतो: नाव, पदवी, नोंदणी क्रमांक. वास्तुविशारदाचा क्रमांक ‘सीए’ने सुरू होतो, पुढे नोंदणीचे वर्ष आणि मग आकडा. वर नगर परिषदेचा गोल शिक्का उमटला, की कागदाला वजन येते. प्लॉटांच्या चारही बाजू दशांशापर्यंत लिहिलेल्या असतात. मधला एक तुकडा मात्र हिरव्या रेघांनी भरून त्यावर ‘खुली जागा’ एवढेच लिहितात. झाडे कोणती, किती अंतरावर, पावसाचे पाणी कुठून कुठे वाहणार, उन्हाळ्यात पाणी कुठले, यांतले काहीही बहुधा त्या कागदावर नसते. ते ठरवणाऱ्या माणसाचा शिक्काही नसतो.

तो का नसतो, हे समजायला शिक्क्याची कुळी काढावी लागते.

जुन्या मराठी राजपत्रावर ठसे दोन ठिकाणी असत. माथ्याला मुद्रा आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब. १६४६ साली रांझ्याच्या पाटलाने केलेल्या गुन्ह्याचा निकाल शिवाजीमहाराजांनी दिला, त्या पत्रावर महाराजांची अष्टकोनी मुद्रा आहे. मुद्रा सांगते की हुकूम कुणाचा. मोर्तबाचे काम वेगळे. महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ एवढीच अक्षरे होती; पत्राची हद्द इथे संपली, असा त्याचा अर्थ. त्याच्या खाली कुणी एखादी ओळ घुसडली, तर ती मोर्तबाबाहेरची म्हणून उघडी पडणार. आज आपण ‘शिक्कामोर्तब’ एका दमात म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या काळज्या आहेत: हे कुणी सांगितले आणि किती सांगितले.

राज्याभिषेकाच्या वर्षी, १६७४ मध्ये झालेल्या कानुजाबत्यात अष्टप्रधानांची कामे वाटून दिली आहेत. मुख्य प्रधानाने राजपत्रांवर शिक्का करावा. सचिवाने पत्रे शोधून अधिक-उणे अक्षर असेल ते शुद्ध करावे. तपासणारा एक, शिक्का करणारा दुसरा. मला या कुळकथेतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. शिक्का उमटण्याआधी कुणीतरी ओळ न् ओळ वाचलेली असली पाहिजे, हे तिथे पदाचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे.

पण ही झाली राज्याची मोहर. धंद्याच्या माणसाच्या शिक्क्याचे मूळ गावच्या महजरात सापडते. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला, की निकालाच्या कागदावर हजर असलेल्यांनी आपापली निशाणी करायची. पाटलाची निशाणी नांगर. सुतार-लोहारांसारखे बलुतेदार आपापल्या कामाचे हत्यार काढत. लिहिता न येणाऱ्याची ही सोय होती, हे खरे. पण तेवढेच नाही. नांगराचे चित्र काढणारा नुसते ‘मी आलो होतो’ असे म्हणत नव्हता. गावात माझे काम कोणते आणि कोणत्या अधिकाराने मी ही साक्ष देतो, हे तो सांगत होता. आजच्या अभियंत्याच्या शिक्क्यावर नावाखाली पदवी आणि परवाना क्रमांक असतो, तो याच कामासाठी.

वऱ्हाडात या कागदांचा इतिहास जास्त गुंतागुंतीचा झाला. निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचा वसूल एकाच मुलुखातून. दोअमलीतल्या रयतेला दोन्हीकडचे शिक्के ओळखावे लागत. १८५३ मध्ये वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात गेला, पुढे मोजणी झाली, सर्व्हे नंबर पडले आणि जमीन कागदावर आली. कागदावर आलेली जमीन कागदानेच जाऊही लागली. गाडगेबाबांचे लहानपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे गेले. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात कशी गेली आणि तरुण डेबूजी, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, त्याला कसा आडवा झाला, हा प्रसंग त्यांच्या चरित्रांत येतो. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापुढे कागद आला, तर त्यावरची प्रत्येक निशाणी त्याच्या विरुद्ध जाऊ शकते, हे या तालुक्याने सोसलेले आहे.

मूर्तिजापुराला आणखी एक शिक्का चांगला ठाऊक आहे, रुईच्या गाठीवरचा. यवतमाळ आणि अचलपूर या दोन्हीकडून येणाऱ्या अरुंद रुळांच्या गाड्या, म्हणजे आपली शकुंतला, इथे मुख्य मार्गाला मिळत, आणि वऱ्हाडची रुई ‘ओमरा’ या नावाने परदेशी बाजारात जाई. रुईत पाणी मारणे, आखूड धाग्याची रुई मिसळणे हे प्रकार चालत, आणि माल दूरच्या गिरणीत उघडला जाईपर्यंत दोष कुणाचा, हे कळायला मार्ग नसे. १९२५ च्या कापूस जिनिंग आणि प्रेसिंग कारखाना कायद्याने प्रत्येक प्रेसला ठरलेला मार्का दिला, आणि दाबलेल्या गाठीवर तो मार्का व अनुक्रमांक टाकणे मालकावर बंधनकारक केले. गाठ कुठेही उघडा, ती कोणत्या प्रेसमधली कितवी, हे सांगता येते. व्यावसायिक शिक्क्याचे तत्त्व वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. त्याने ते गाठीवर पाहिलेले आहे.

वास्तुविशारदाचा शिक्का कायद्यात येण्याची ठळक सुरुवात अमेरिकेतली. इलिनॉय राज्याने १८९७ मध्ये तिथला पहिला परवाना कायदा केला आणि परवानाधारकाने नाव, धंद्याचे गाव व परवान्याची अक्षरे असलेला शिक्का आपल्या कचेरीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नकाशावर उठवावा, असे सांगितले. १९०७ मध्ये वायोमिंगने अभियंत्यांना परवाना लावला. तिथे पाण्याच्या हक्कांच्या अर्जांना कुणीही उठून काढलेले नकाशे जोडत होता. बागा, मैदाने, उतार, लागवड यांच्या नकाशांची पाळी बरीच उशिरा आली. कॅलिफोर्नियाने १९५३ मध्ये लँडस्केप आर्किटेक्टला परवाना लावला. तिथल्या शिक्क्यावर नाव आणि परवाना क्रमांक तर असतोच, शिवाय परवाना कधीपर्यंत चालू आहे ती तारीख, सही आणि सहीचा दिवसही लागतो. मुदत संपलेल्या माणसाने नकाशा काढला, तर तो कागदच ते सांगतो.

आपल्याकडे वास्तुविशारद कायदा १९७२ चा. त्याने वास्तुकला परिषद स्थापन केली. परिषदेला स्वतःची मुद्रा असेल, असे कायद्यात आहे, नोंदणीपट आहे, गैरवर्तन केल्यास नाव काढून टाकण्याची तरतूद आहे. आणि कलम ३७ म्हणते, की नोंदणी नसलेल्याने ‘वास्तुविशारद’ ही उपाधी लावू नये. मात्र त्याच कलमात एक अपवाद आहे: ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ आणि जहाजांची रचना करणारा ‘नेव्हल आर्किटेक्ट’ यांना हे कलम लागू नाही. लँडस्केप आर्किटेक्ट म्हणजे झाडे, वनस्पती आणि भूदृश्य यांच्या संबंधाने खुल्या जागांची रचना करणारा, अशी व्याख्याही तिथेच आहे. त्याच वर्षी दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. एकीकडे देश या कामाची माणसे शिकवू लागला आणि दुसरीकडे कायद्याने त्यांना पटाबाहेर ठेवले.

बाहेर ठेवल्याने उपाधी वापरायची मोकळीक मिळाली, हे खरे. पण पट नाही म्हणून क्रमांक नाही, क्रमांक नाही म्हणून शिक्क्यावर लिहायला कायद्याचा आधार नाही, आणि काम बिघडले तर ज्यावरून नाव काढायचे तो पटच नाही. २००३ मध्ये स्थापन झालेली लँडस्केप आर्किटेक्टांची भारतीय संस्था, ‘इसोला’, सभासदत्व देते. त्याला व्यवसायात मान आहे, पण ते कायद्याने दिलेले नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७ चा अर्थ आणखी स्पष्ट केला: ते कलम उपाधीपुरते आहे, वास्तुरचनेचे काम करण्यावर ते बंदी घालत नाही. म्हणजे नोंदणी झालेल्या वास्तुविशारदापाशीही मुळात आपली उपाधी तेवढी राखीव आहे. बागेची रचना करणाऱ्यापाशी तीसुद्धा नाही.

मग लागवडीच्या नकाशावर त्याने काय उठवायचे? तो नोंदणीकृत वास्तुविशारदही असेल, तर परिषदेचा क्रमांक लिहावा. नसेल, तर नाव, पदवी, पदवी देणारी संस्था आणि सभासदत्व असल्यास त्याचा क्रमांक लिहावा. परिषदेच्या शिक्क्यासारखा दिसणारा शिक्का करू नये. राष्ट्रीय बांधकाम संहितेत, म्हणजे नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये, पाच हेक्टर आणि त्याहून मोठ्या जागेच्या लँडस्केपच्या कामासाठी या विषयातला पदवीधर धरला आहे. महानगरांत ही मर्यादा दोन हेक्टर आहे. लहान जागांसाठीही असा माणूस सोबत घेता येईल, एवढे सुचवून संहिता थांबते. पाच हेक्टर म्हणजे बारा एकरांहून अधिक. तालुक्याच्या गावातले अनेक ले-आऊट याच्या आतच राहतात.

दुसरीकडे राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० मध्ये आली. ती नगर परिषदांनाही लागू आहे, आणि ०.४ हेक्टर किंवा मोठ्या जमिनीच्या ले-आऊटमध्ये दहा टक्के मनोरंजनासाठीची खुली जागा सोडायला सांगते. एक एकराच्या ले-आऊटमध्येही खुली जागा असेल, पण तिच्या रचनेचे उत्तर देणारा माणूस असेलच असे नाही.

मूर्तिजापुरात ही गोष्ट कागदापुरती राहत नाही. हा तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. भूजल खारट, जमीन खोल काळी चिकण. पावसाळ्यात फुगते आणि पाणी धरून बसते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बोअरचे पाणी वर्षभर घातले, तर मातीत क्षार साचतात आणि वर हिरवी दिसणारी रोपे शेंड्याकडून वाळू लागतात. इथे उताराचा अंदाज चुकला, निचऱ्याची चर राहून गेली, रोपवाटिकेत जे मिळाले ते लावले, तर तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत जागेवर वेड्या बाभळी उरतात. करंज, कडुनिंब यांसारखी क्षार सोसणारी झाडे निवडणे, पावसाचे गोडे पाणी त्याच जागेत अडवणे, मुळांभोवतीची माती बदलणे हे सगळे आधी ठरवायचे काम आहे. इमारतीचा खांब खचला तर शिक्का कुणाचा, हे आपण विचारतो. शंभर झाडे मेली तर तसा प्रश्न कुणी विचारलेला मी ऐकला नाही. पाऊस कमी पडला, असे म्हणून सगळे मोकळे होतात.

आता बांधकाम परवानगी ऑनलाइन झाली आहे आणि २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल स्वाक्षरीला मान्यता दिली आहे. या स्वाक्षरीत मजकुराचे गणिती सार काढून ते स्वाक्षरीत बांधले जाते; नंतर नकाशातली एक रेघ जरी हलवली, तरी ते सार जुळत नाही. रबरी शिक्क्याला हे कधी जमले नव्हते. तो शाईचा ठसा. खालचा मजकूर बदलला तरी ठसा तसाच राहतो. मजकुराची हद्द राखण्याचे मोर्तबाचे काम इतक्या काळाने पुन्हा कागदाच्या अंगी आले आहे. सचिवाचे काम मात्र यंत्राकडून होत नाही. झाडांची यादी इथल्या मातीला मानवेल का, हे वाचून बघणारा माणूसच लागतो.

संसदेने वेगळा पट करीपर्यंत वाट पाहण्याची गरज नाही. मंजुरीच्या अटी नगर परिषद घालतेच; त्यांत एक जोडावी, यासाठी नगर परिषदेने आणि ले-आऊटमध्ये प्लॉट घेणाऱ्यांनी आग्रह धरायला हवा. खुल्या जागेचा नकाशा स्वतंत्र असावा. त्यावर उताराच्या रेघा, निचरा, पाण्याचा स्रोत आणि त्याची क्षारता, झाडांची नावे व अंतरे असावीत. खाली आखणाऱ्याचे नाव, पदवी, तारीख आणि सही असावी, आणि नकाशा तपासणाऱ्याची सही वेगळी असावी. तिसऱ्या पावसाळ्यानंतर आखणाऱ्याने पुन्हा येऊन जगलेली झाडे मोजावीत, आकडा त्याच नकाशावर लिहावा आणि त्याखाली पुन्हा सही करावी.