डीएमएक्स ५१२ म्हणजे काय? नाटकाचे सगळे लाइट एका केबलवर कसे चालतात?

घरातला स्मार्ट बल्ब मोबाइलवरून लावणं आता नवीन राहिलेलं नाही. पण नाटकात पन्नास-साठ लाइट असतात आणि ते वाक्यागणिक बदलतात. मी नाटकांच्या प्रयोगांना लाइट ऑपरेट करतो. हे काम ज्या तंत्रावर चालतं, ते डीएमएक्स ५१२ आज समजून घेऊया.

डीएमएक्स ५१२ म्हणजे काय?

कन्सोलने लाइटला सूचना देण्याची ही ठरलेली भाषा आहे. यूएसआयटीटी या अमेरिकेतल्या रंगभूमी तंत्रज्ञांच्या संस्थेने ती १९८६ मध्ये तयार केली, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांना जोडता यावीत.

एका लाइनवर ५१२ चॅनल असतात. प्रत्येक चॅनलवर ० ते २५५ यांपैकी एक आकडा जातो. ० म्हणजे बंद, २५५ म्हणजे पूर्ण, १२७ म्हणजे साधारण निम्मा. ५१२ आकड्यांची ही पूर्ण यादी सेकंदाला जवळपास ४४ वेळा पाठवली जाते. म्हणूनच हळूहळू होणारी संध्याकाळ आपल्याला सलग दिसते.

लाइटला पत्ता कसा देतात?

केबल एका लाइटमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी साखळीने जाते. सगळ्यांना सगळे आकडे मिळतात. त्यातले आपले कुठले, हे प्रत्येक लाइट आपल्या पत्त्यावरून ओळखतो.

समजा, एका एलईडी पारला ६ चॅनल लागतात. मग पहिल्याचा पत्ता १, दुसऱ्याचा ७, तिसऱ्याचा १३. या हिशेबाने एका लाइनच्या चॅनलमध्ये असे ८५ पार बसतात. पण सिग्नल न वाढवता एका लाइनवर ३२ च्या वर यंत्रं जोडत नाहीत. पुढे स्प्लिटर लावावा लागतो.

जुन्या लाइटवर पत्त्यासाठी बारीक खटके असतात. त्यांची किंमत १, २, ४, ८ अशी दुप्पट होत जाते. पत्ता १३ हवा असेल तर १, ४ आणि ८ चे खटके वर करायचे. शाळेत शिकलेली बायनरी इथे शिडीवर उभं राहून वापरावी लागते!

कन्सोल बोलतो, पण ऐकत नाही

या तंत्राची ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. साधा डीएमएक्स एकतर्फी आहे. व्हॉट्सॲपवर निळी टिक येते, तसं इथे काही येत नाही. आकडा पोचला का, बरोबर पोचला का, हे कन्सोलला कळत नाही. त्यामुळेच आतषबाजी किंवा माणसाच्या डोक्यावरून हलणारी जड वस्तू यांसाठी डीएमएक्स वापरायचा नसतो.

हॅलोजन पारच्या बाबतीत तर मध्ये डिमर असतो. तो आकडा वाचून वीज कमी-जास्त करतो. पुढे बल्ब उडालेला असला तरी कन्सोलच्या स्क्रीनवर १०० टक्केच दिसतं.

एका दौऱ्यात दुसऱ्या अंकात नेमका नायिकेच्या खुर्चीवरचा पार गेला. स्क्रीनवर सगळं ठीक, रंगमंचावर तिचा चेहरा अंधारात. शेजारचा लाइट पाच सेकंदांत हळूच वर चढवला आणि प्रसंग पुढे गेला. स्क्रीनकडे बघत बसलो असतो तर हे कळलंच नसतं. म्हणून ऑपरेटरची नजर रंगमंचावर आणि कान संवादावर लागतो.

२००६ मध्ये आरडीएम नावाची भर पडली. त्यात लाइट उलट उत्तर देऊ शकतो. पण ती सोय कन्सोल, लाइट आणि मधली यंत्रं अशा सगळ्यांतच असावी लागते.

मोबाइल कुठे उपयोगी, कुठे नाही?

१. फोकस करताना उपयोगी. अनेक कन्सोलना वाय-फायवरून चालणारं रिमोट ॲप असतं. शिडीजवळ उभं राहून एकेक लाइट लावून बघता येतो.

२. प्रयोग चालू असताना नाही. शेकडो प्रेक्षकांचे फोन आसपास असताना वाय-फायवर विसंबून राहता येत नाही. तेव्हा केबलच हवी.

३. ब्लॅकआउटमध्ये तर अजिबात नाही. त्या काही सेकंदांत बॅकस्टेजची मुलं टेबल-खुर्च्या हलवतात. नट जमिनीवरच्या चमकत्या पट्टीच्या अंदाजाने लेव्हलवरून खाली उतरतात. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर पहिल्या रांगेतून मोबाइलचा उजेड आला, तर ती पट्टी दिसत नाही. पाय चुकला तर माणूस पडतो. मी सगळे चॅनल ० वर आणू शकतो, तुमची स्क्रीन नाही!

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माइकची केबल डीएमएक्सला चालते का?
तीन पिनांची असेल तर बसते, पण ती या सिग्नलसाठी बनलेली नसते. लाइट मध्येच लुकलुकायला लागतात. डीएमएक्सचीच केबल घ्या आणि शेवटच्या लाइटला १२० ओहमचा टर्मिनेटर लावा.

मोबाइलच्या व्हिडिओत एलईडी लाइटचे पट्टे का दिसतात?
बरेच एलईडी मंद करताना खूप वेगाने चालू-बंद केले जातात. डोळ्याला ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला दिसतं.

घरी शिकता येईल का?
हो. क्यूएलसी प्लस हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि लॅपटॉपवर चालतं. एक यूएसबी-डीएमएक्स इंटरफेस आणि एक साधा एलईडी पार मिळाला की सुरुवात होते. कॉलेजात एकांकिका बसत असेल तर तालमीला जाऊन बसा आणि संहितेवर पेन्सिलने क्यू लिहायला लागा. कुठल्या शब्दावर लाइट बदलायचा, हे आधी तिथे ठरतं, कन्सोलवर नंतर.

तुमच्या ग्रुपमध्ये कुणी लाइट करत असेल, तर हा लेख त्याला किंवा तिला नक्की पाठवा. फक्त नाटक चालू असताना नको!