आज्जीचं न सांगितलेलं दुखणं

आमची आज्जी कीर्तनाला गेली की मंडपाच्या कडेला, वाटेजवळ बसायची. एसटीने जालन्याला यायचं असलं की सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायची नाही. अंगारकीला गावातल्या बाया राजूरच्या गणपतीला पायी जायच्या. ही मात्र चौथ्या बाळंतपणानंतर कधी गेली नाही. "गुडघे धरतात," म्हणायची. आम्हालाही ते खरं वाटायचं.

खरं कारण कळलं ते २००६ साली, माझ्या बाळंतपणानंतर. शिंक आली आणि कपडे ओले झाले! कुणाला सांगायची लाज वाटली. शेवटी एका रात्री आज्जीजवळ बोलले. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "माझं तर पोलीस ॲक्शनच्या सालापासून असंच हाय, माय. सांगायचं असतंय का असलं?"

पोलीस ॲक्शन म्हणजे सप्टेंबर १९४८. जालना निजामाच्या राज्यातून सुटलं ते साल. आज्जीचं पहिलं बाळंतपण त्याच साली, भोकरदन तालुक्यातल्या घरात, सुईणीच्या हातून झालं. गंमत बघा, त्याच वर्षी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या डॉ. अरनॉल्ड केगल यांनी या दुखण्यावरच्या व्यायामाचा लेख छापला. औषध नाही, कापाकापी नाही, नुसता व्यायाम. पण लॉस एंजेलिसहून भोकरदनला तो पोचणार कसा?

हे होतं कसं, तेही सांगते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून स्नायूंची एक झोळी तोलून धरते. गरोदरपणात या झोळीवर वजन वाढत जातं, आणि शरीरातल्या बदलांमुळे ती सैलही होते. बाळ बाहेर येताना ती खूप ताणली जाते. कधी स्नायू फाटतो, कधी त्याच्या नसा दुखावतात. मग खोकला, हसू, डोक्यावरची घागर, असा पोटावर दाब आला की मूत्रमार्गाला खालचा आधार पुरत नाही आणि लघवी सुटते. आधार फारच गेला तर 'अंग बाहेर येतं'.

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना बाज, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू. त्यातली विश्रांती चांगलीच. पण पोट आवळून बांधल्याने खालच्या झोळीला बळ येत नाही. आणि ज्यांच्या घरी कापूस वेचणीला हात कमी, त्यांना सव्वा महिना तरी कुठला?

अंग बाहेर येण्यावर आपल्याच माणसाने मोठं काम केलंय. गोव्यातल्या शिरोड्यात १८९९ साली जन्मलेले मुंबईचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. गर्भाशयाच्या तोंडाला घालायच्या 'शिरोडकर टाक्या'मुळे त्यांचं नाव जगभर झालं. गर्भाशय न काढता त्याला आधार देणारी शस्त्रक्रियाही त्यांनी बसवली. पण डॉक्टरपर्यंत जायला आधी तोंड उघडावं लागतं ना!

ते तोंड का उघडत नाही? राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० बायकांना तपासलं. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बाई सांगत नाही, हे खरंच. पण तिला विचारलं तरी कुणी होतं?

आता आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा फेऱ्या करतात, बाळाचं वजन करतात, ताप बघतात. त्यातच एक प्रश्न विचारावा: "ताई, खोकताना लघवी सुटते का?"

उत्तर 'हो' आलं तर लघवी रोखताना आवळतो तेच स्नायू आवळायचे, पाच-सहा सेकंद धरायचे, सैल सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करताना मात्र नाही. सतत थेंब थेंब गळत असेल किंवा अंग बाहेर येत असेल तर डॉक्टरच गाठायचा.

मी ते केलं आणि बरी झाले. आज्जीलाही शिकवलं. "आता या वयात?" म्हणून ती खूप हसली, आणि हसता हसता उठून मोरीकडे गेली. तिला उशीरच झाला होता.

परवा भावजय बाळंत होऊन घरी आली. तिने काही सांगायची वाट मी पाहिली नाही. मीच विचारलं.