पर्जन्यछायेतील सोनगीर

धुळ्याहून आग्रा रस्त्याने उत्तरेस सुमारे २० किलोमीटर गेले म्हणजे सोनगीरची अरुंद, लांबट टेकडी दृष्टीस पडते. फारुकी सुलतान, मोगल, मराठे आणि १८१८ नंतर इंग्रज अशा एकामागून एक आलेल्या अमलांत हा गड राहिला. परंतु शिबंदी कोणाचीही असो, तिला पाण्यावाचून एक उन्हाळाही काढता आला नसता, हे माथ्यावरील खोल विहीर पाहताच ध्यानात येते.

ह्या मुलखाच्या कोरडेपणाचे कारण सोनगीरात शोधून सापडणार नाही; ते पश्चिमेस, सह्याद्रीच्या उंचीत आहे. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य वारे डोंगराशी अडून वर चढतात, चढता चढता थंडावतात, आपले बाष्प घाटमाथ्यावर व त्याच्या लगतच्या मुलखात रिते करतात आणि पूर्वेच्या उतारावरून खाली येताना उष्ण व शुष्क होत जातात. म्हणूनच डोंगरालगतच्या नवापुराकडे वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडत असता धुळ्याच्या वाट्यास त्याच्या जवळजवळ निम्माच येतो.

तथापि आकाशमार्गे अडवलेले पाणी सह्याद्री भूमार्गे काही अंशी परत करतो, आणि खानदेशच्या रयतेची खरी प्रज्ञा मला येथेच दिसते. डोंगरात उगम पावणाऱ्या पांझरेवर ठिकठिकाणी बंधारे घालून, पाटाने पाणी शेतांवर नेऊन, गावाच्या बागाइताचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, आणि पाटकऱ्याने ठरल्या पाळीने प्रत्येकाच्या वाफ्यात पाणी सोडायचे, अशी ही फडपद्धती शतकानुशतके चालत आली. पाणी तुटीचे असले तर तूट सर्वांनी सोसायची, हा तिच्यातील न्याय मला कोणत्याही सरकारी कायद्याहून थोर वाटतो.

सोनगीर मात्र पांझरेच्या काठी नाही. त्याचा लौकिक झाला तो तांबटांच्या हातोडीमुळे, तेथे घडणाऱ्या तांब्यापितळेच्या भांड्यांमुळे. आणि ह्या मालाला बाजार दाखवायला दाराशीच वाहता राजरस्ता होता. शेतीची तहान तेवढी उरली. तापी उत्तरेस वाहते खरी, पण सखल पातळीवरून; तेव्हा सुलवाडे बंधाऱ्यातून तिचे पाणी उपसून सोनगीरजवळच्या जामफळ धरणापर्यंत चढवण्याची योजना हाती घ्यावी लागली.