सानुग्रह की भरपाई? ब्रिटनमधील दूषित रक्ताची कहाणी

आपल्याकडे अतिवृष्टी झाली की शासन ‘सानुग्रह अनुदान’ जाहीर करते. शब्द इतका सवयीचा झाला आहे की त्यात दडलेला ‘अनुग्रह’ कोणाच्या लक्षातही येत नाही. अनुग्रह म्हणजे कृपा. देणाऱ्यावर देण्याचे बंधन नाही आणि घेणाऱ्याला मागण्याचा अधिकार नाही. ‘नुकसानभरपाई’ हा शब्द निराळ्या कुळातला. तिच्यामागे जबाबदारीची कबुली असते. या दोन शब्दांमधले अंतर कापायला ब्रिटिश सरकारला साडेतीन दशकांहून अधिक काळ लागला. दरम्यान सुमारे तीन हजार माणसे दगावली. थ्रेड मोठा आहे, सवडीने वाचा.

हिमोफिलिया हा बहुतांशी पुरुषांत आढळणारा आनुवंशिक विकार. रक्त गोठवणारा एक घटक शरीरात पुरेसा तयार होत नाही, त्यामुळे सांध्यांत आतल्या आत रक्तस्राव होतो आणि असह्य वेदना होतात. १९७०च्या दशकाच्या आरंभी ‘फॅक्टर-८’ या घटकाची सांद्र भुकटी बाजारात आली. घरच्या फ्रिजमध्ये ठेवावी, पाण्यात मिसळावी, स्वतःच टोचून घ्यावी. ज्या मुलांचे बालपण रुग्णालयाच्या खाटेवर जात होते, त्यांच्या दृष्टीने हे स्वातंत्र्यच होते. ही बाजू विसरली तर पुढचे काहीच नीट उमगणार नाही: रुग्णांनी हे औषध कृतज्ञतेने स्वीकारले होते.

दोष होता तो भुकटी बनवण्याच्या रीतीत. हजारो दात्यांचा रक्तद्रव एकाच पिंपात एकत्र केला जाई. त्यांतला एक जरी संसर्गित असला तरी सारा साठा दूषित. ब्रिटनचा स्वतःचा पुरवठा अपुरा पडत असल्याने माल अमेरिकेतून येई, आणि तिथे रक्तद्रव विकत घेतला जाई. विकणाऱ्यांत तुरुंगातले कैदी होते, व्यसनाधीन माणसेही होती. (पैसे घेऊन रक्त देणारे ‘व्यावसायिक रक्तदाते’ आपल्याकडेही होते. ‘कॉमन कॉज’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत दोन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला, तो १९९६ मध्ये.)

हे कोणाला ठाऊक नव्हते काय? होते. रिचर्ड टिटमस या समाजशास्त्रज्ञाने १९७०मध्येच विकतच्या रक्ताचे धोके ग्रंथरूपाने मांडले होते. १९७५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ऐच्छिक, विनामोबदला रक्तदानाचा आग्रह धरला. त्याच वर्षी ब्रिटनचे आरोग्य राज्यमंत्री डेव्हिड ओवेन यांनी देशाला रक्तोत्पादनांत स्वयंपूर्ण करण्याचे आश्वासन दिले, निधीही मंजूर केला. ओवेन गेले, आश्वासन मागे राहिले.

मग एड्स आला. ९ मे १९८३ रोजी साथरोग सर्वेक्षण केंद्राचे संचालक डॉ. स्पेन्स गॅलब्रेथ यांनी आरोग्य विभागाला लेखी कळवले की १९७८नंतरच्या अमेरिकी रक्तद्रवापासून बनवलेला फॅक्टर-८ तूर्त वापरातून काढून घ्यावा. जुलैत औषध सुरक्षेच्या तज्ज्ञ उपसमितीने ही सूचना नाकारली. औषधाचा तुटवडा पडेल ही चिंता मोठी ठरली. माझ्या मते साऱ्या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. ‘तेव्हा माहीत नव्हते’ हा बचाव त्यापुढे टिकत नाही. माहिती टेबलावर आली होती, आणि तिच्यावर निर्णयही झाला होता.

त्या निर्णयांची किंमत एका शाळेच्या पटावर दिसते. हॅम्पशायरमधील ट्रेलोर या निवासी शाळेच्या आवारातच हिमोफिलियाचे उपचारकेंद्र होते. १९७० ते १९८७ या काळात हिमोफिलिया असलेले १२२ विद्यार्थी तिथे शिकले. आज त्यांतले जेमतेम तीसेक हयात आहेत. तिथल्या मुलांवर पालकांच्या माहितीपूर्ण संमतीवाचून संशोधनही चालले होते. देशभरात रक्तस्रावाचे विकार असलेल्या सुमारे १,२५० जणांना एचआयव्हीची बाधा झाली. त्यांत ३८० मुले होती. बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त घेतल्याने हिपॅटायटिस-सी झालेल्यांची संख्या याहून कितीतरी मोठी. सगळे मिळून बाधित ३० हजारांच्या पुढे.

आता पैशाकडे वळू. १९८७च्या नोव्हेंबरात सरकारने एक कोटी पौंड जाहीर केले आणि त्यातून मॅकफार्लेन न्यास उभा राहिला. भाषा काळजीपूर्वक निवडलेली होती: ही भरपाई नव्हे, हे सानुग्रह साहाय्य. गरज सिद्ध करा, अर्ज करा, वाट पाहा. रुग्णांनी खटले भरले, तेव्हा १९९१मध्ये ४ कोटी २० लाख पौंडांची तडजोड झाली. तिच्यात अट होती: पुढे हिपॅटायटिसबद्दलही दावा करणार नाही, असे लिहून द्यावे लागे. स्वतःला हिपॅटायटिस-सी आहे हेच त्यांतल्या अनेकांना अजून कळलेले नव्हते.

त्यानंतरची दोन दशके सरकारे बदलली, उत्तर बदलले नाही: रुग्णांना त्या काळी उपलब्ध असलेले उत्तम उपचारच मिळाले. हे वाक्य तपासायचे तर कागद हवेत, आणि कागद नाहीसे होत गेले. ओवेन यांनी आपल्या कार्यकाळातली कागदपत्रे मागितली, तर ती नष्ट झाल्याचे कळले. रक्ताच्या विषाणुसुरक्षेसंबंधीच्या सल्लागार समितीच्या फायलीही गेल्या. अभिलेखागारात बसणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना गहाळ फाइल ही नित्याची कटकट वाटते. इथे गहाळ फाइल म्हणजे बुडालेला दावा होता.

याच सुमारास जपानमध्ये काय घडले ते पाहण्याजोगे आहे. तिथेही गरम प्रक्रिया न केलेल्या रक्तोत्पादनांनी हजाराहून अधिक हिमोफिलिया रुग्णांना एचआयव्ही दिला, आणि तिथेही मंत्रालय ‘फायली सापडत नाहीत’ असेच सांगत होते. जानेवारी १९९६मध्ये नाओतो कान आरोग्यमंत्री झाले, त्यांनी शोध घ्यायला लावला, आणि काही आठवड्यांत फायली मंत्रालयातच सापडल्या. फेब्रुवारीत कान यांनी रुग्णांची माफी मागितली. मार्चमध्ये प्रत्येकी साडेचार कोटी येन देणारी तडजोड झाली. पुढे मंत्रालयातल्या एका माजी अधिकाऱ्याला निष्काळजीपणाबद्दल शिक्षाही झाली.

ब्रिटनमध्ये मात्र २००७मध्ये लॉर्ड आर्चर यांनी चौकशी केली ती खासगी देणग्यांवर. साक्षीला बोलावण्याचा अधिकार तिला नव्हता. स्कॉटलंडच्या पेनरोज चौकशीने २०१५मध्ये एकच शिफारस केली, तेव्हा पीडितांनी तिचा अहवाल एडिनबरोत जाहीरपणे जाळला. संपूर्ण देशासाठी वैधानिक चौकशी २०१७मध्ये जाहीर झाली. न्यायमूर्ती सर ब्रायन लँगस्टाफ यांचा सात खंडांचा अहवाल २० मे २०२४ रोजी आला. हा अपघात नव्हता, हानी बहुतांशी टाळता आली असती आणि सत्य झाकले गेले, असा त्यांचा निष्कर्ष. फायली जाणूनबुजून नष्ट केल्या गेल्याचेही त्यांनी नोंदवले. त्याच दिवशी पंतप्रधान सुनक यांनी संसदेत माफी मागितली.

भरपाई देणारी स्वतंत्र यंत्रणा मात्र सरकारने आपखुशीने उभारली असे समजू नका. डिसेंबर २०२३मध्ये डायना जॉन्सन यांची दुरुस्ती २४६ विरुद्ध २४२ मतांनी संमत झाली, सरकार सभागृहात हरले, तेव्हा चक्र फिरले. नव्या योजनेसाठी ११.८ अब्ज पौंडांची तरतूद झाली. तिच्यात आजार, शुश्रूषा आणि बुडालेले उत्पन्न यांच्या जोडीला दोन वेगळ्या बाबी आहेत. एक, समाजाने वाळीत टाकल्याबद्दल. दुसरी, स्वतःच्या शरीराविषयीची माहिती आणि निर्णय हिरावून घेतल्याबद्दल. न सांगता केलेल्या चाचण्या, लपवलेले निदान हे सारे या दुसऱ्या बाबीत येते. ‘अनुग्रहा’च्या हिशेबात या दोन्हींना जागाच नव्हती.

तरीही पहिल्या रचनेत रुग्णाने स्वतः अर्ज करायचा नव्हता; प्राधिकरणाने बोलावण्याची वाट पाहायची होती. जुलै २०२५मध्ये लँगस्टाफ यांना भरपाईवर आणखी एक अहवाल लिहावा लागला. लोकांना स्वतःहून दावा दाखल करता यावा आणि आजारी व वृद्ध दावेदारांना आधी घ्यावे, या शिफारशी त्यात आहेत.