विडा कोणी ठेवला?

ट्रेसी किडर यांच्या 'द सोल ऑफ अ न्यू मशीन' या 1981च्या पुस्तकातली काही पानं एका अनुवाद कार्यशाळेसाठी मराठीत करायला बसले आणि दोनच शब्दांवर अडले: 'साइन अप'.

पुस्तक आहे बॉस्टनजवळच्या वेस्टबरो इथल्या डेटा जनरल या संगणक कंपनीबद्दल. 1977 साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या प्रतिस्पर्ध्याने 32 बिटांचा 'व्हॅक्स' आणला. त्याला उत्तर शोधण्याचं मोठं, मानाचं काम डेटा जनरलने नॉर्थ कॅरोलायनातल्या आपल्या नव्या केंद्राकडे दिलं. वेस्टबरोत मागे राहिलेल्या टॉम वेस्ट या अभियंत्याने तळघरात स्वतःची तुकडी उभी केली आणि 'ईगल' हे यंत्र करायला घेतलं. म्हणजे स्पर्धा बाहेरच्यांशी होतीच, घरातल्यांशीही होती.

तुकडीत कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली पोरं बरीच. यंत्राचा सांगाडा उभारणारे 'हार्डी बॉइज' आणि मायक्रोकोड लिहिणारे 'मायक्रोकिड्स'. दोन्ही नावांत बाल्य आहे, हे अनुवादताना पहिल्यांदा टोचलं. मुलाखतीतच त्यांना सांगितलं जाई की तास फार पडतील. तरी ती हो म्हणत. हा होकार म्हणजे 'साइन अप'. प्रत्यक्षात सही कशावरच नसे. पण त्यानंतर रात्री, शनिवार-रविवार, घर, मित्र सगळं दुय्यम. अमेरिकेच्या 1938च्या श्रमकायद्यातला जादा तासांचा मोबदला अशा पगारदार व्यावसायिकांना लागू होत नाही. त्यामुळे रात्री फुकटच्या.

माझ्या हातून आधी 'विडा उचलणे' उतरलं. किती सहज बसतं! हिंदीत बीडा उठवतात, गुजरातीत बीडुं झडपतात. अफझलखानाने विजापूरच्या दरबारात उचललेला विडा तर आम्हाला शाळेपासून पाठ. पण दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा खटकलं. विडा भर दरबारात ठेवतात. कोणी ठेवला, कोणी उचलला, याला साक्षीदार असतात. वेस्टबरोत तबकच नव्हतं. वेस्ट तर या पोरांपासून जाणूनबुजून लांब राहत असे. समोर आलं तरी बोलेलच असं नाही. काम कोणी दिलं, असं विचारलं तर प्रत्येक जण म्हणणार, मीच घेतलं. कंपनीला याहून स्वस्त उत्तर कुठलं?

मग 'वेठ' लिहून पाहिलं. तेही खोटं. या मुलांना खरोखर मजा येत होती, आणि किडर ती मजा लपवत नाहीत. तुकडीत पिनबॉलचा दाखला चाले: जिंकलात तर बक्षीस काय, पुन्हा खेळायला मिळणार. मला हा दाखला भीषण वाटतो. तो सांगणाऱ्यांना वाटत नव्हता.

इथे माझं एक उगीच आठवतं. बंगळुरूत एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी काही काळ कंत्राटावर मराठी वाक्यं पुरवत होते. 'रद्द करा', 'पुन्हा प्रयत्न करा', अशी शेकड्याने. रात्री दोनला शेवटची फाइल पाठवताना मला कोणी जबरदस्ती केली नव्हती. उलट, आपल्यावाचून अडतं याचा आनंद होता. अडत काहीच नव्हतं.

ईगल एप्रिल 1980 मध्ये 'एक्लिप्स एमव्ही/8000' या नावाने जाहीर झालं. तुकडी पांगली. किडर यांना 1982चं पुलित्झर मिळालं. कंपनी 1999 मध्ये ईएमसीने विकत घेतली.

माझ्या वाट्याच्या पानांत आणखी एक माणूस होता. नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागांचा, हिशेब ठेवता ठेवता एके दिवशी तो चिठ्ठी ठेवून निघून गेला. व्हरमाँटमधल्या एका कम्यूनमध्ये राहायला जातोय, आणि यापुढे 'सीझन'हून लहान काळ मोजणार नाही, अशा अर्थाची चिठ्ठी. कार्यशाळेत बहुतेकांनी 'ऋतू' लिहिलं. ऐकायला छान. पण ऋतू बघत बसता येतो, हंगामात राबावं लागतं, आणि कम्यूनमध्येही कोणीतरी बटाटे काढतच असणार. मी 'हंगाम' ठेवलं. 'विडा' खोडला आणि तिथे देवनागरीत 'साइन अप' लिहून पानं देऊन टाकली.